घरमालक नाही म्हणतात, मग भाड्याच्या घराच्या बाल्कनीत सोलर लावायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फ्रँकफुर्टजवळ भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहता, बाल्कनी दक्षिणेला आहे. ८०० वॅटचा बाल्कनी सोलरचा संच (कठड्यावर लावलेल्या पॅनेलची वीज साध्या प्लगने घरच्या सॉकेटमध्ये सोडणारा) लावावा म्हणून घरमालकांना विचारलंत, तर त्यांनी मोबाइलवर दोन ओळींत नकार कळवला: दिसायला वाईट दिसेल, आगीचा धोका आहे, आणि भाडेकरारात कठड्याला काही लटकवायचं नाही असं कलम आहे. मित्र सांगतात की २०२४ मध्ये कायदा बदललाय, सरळ लावून टाका. शेवटी हेही विचारलंत की असाच एक संच नाशिकला आईवडिलांच्या फ्लॅटवर नेता येईल का.

गेली बारा वर्षं मी जर्मनीत घरांवर आणि बाल्कन्यांत सौर पॅनेल बसवण्याच्या कामात आहे. असे प्रश्न दर महिन्याला येतात आणि बहुतेक वेळा पॅनेल लावून झाल्यावर, वकिलाचं पत्र आल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. नकार मान्य करू नका. पण लेखी परवानगी हातात येईपर्यंत पॅनेल लटकवू नका, आणि संच विकतही घेऊ नका.

मित्रांचा घोळ कुठे होतो ते सांगते. २०२४ मध्ये दोन वेगळे कायदे बदलले आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला १६ मे २०२४ पासून लागू झालेला 'सोलारपाकेट १'. तो तुमच्या आणि वीजजाळ्याच्या नात्याबद्दल आहे. त्यात ठरलं की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी, ८०० व्होल्ट-अँपिअरपर्यंत (इथे वॅटच समजा) आणि पॅनेल मिळून २००० वॅटपर्यंत असतील तर जाळं चालवणाऱ्या कंपनीकडे अर्ज करायचा नाही, तिच्या होकाराची वाट पाहायची नाही. त्याआधी मर्यादा ६०० वॅटची होती आणि कंपन्या फॉर्मवर फॉर्म मागत. 'आता परवानगी लागत नाही' ही बातमी इथून निघाली. ती खरी आहे, पण फक्त वीज कंपनीपुरती.

दुसरा बदल १७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आणि तुमच्या कामाचा तोच आहे. जर्मन दिवाणी संहितेच्या, म्हणजे 'बे-गे-बे'च्या, कलम ५५४ मध्ये भाडेकरूला काही बदलांसाठी मालकाकडे परवानगी मागण्याचा हक्क आधीपासून होता: अपंग व्यक्तीसाठीची सोय, विजेच्या गाडीचं चार्जिंग, चोरीपासून संरक्षण. त्या यादीत प्लगने जोडायच्या सोलरची भर पडली. कलमाचे शब्द नीट वाचा. भाडेकरू मालकाकडे परवानगी 'मागू शकतो', आणि भाडेकरूचं हित विचारात घेऊनही तो बदल मालकाला सोसण्यासारखा नसेल तरच हा हक्क उरत नाही. म्हणजे परवानगी अजूनही लागते. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे: पूर्वी मालक बहुतेकदा सहज 'नाही' म्हणू शकत, आता वजनदार कारण लागतं.

आता तुमच्या मालकांची तीन कारणं एकेक करून बघू.

करारातलं कलम: हे सगळ्यात कमकुवत. कलम ५५४ मध्येच लिहिलंय की भाडेकरूचं नुकसान करणारा याहून वेगळा करार निष्प्रभ ठरतो. करारात 'बाल्कनीवर काहीही लावायचं नाही' असं असलं, त्याखाली तुमची सही असली, तरी सोलरपुरतं ते कलम तुमच्या आड येत नाही. फुलांच्या कुंड्या कठड्याच्या बाहेर टांगण्याबद्दल असेल तर ती वेगळी गोष्ट.

दिसायला वाईट: नुसत्या 'मला आवडत नाही'वर आता भागणार नाही असं माझं मत. पण इमारत वारसा-संरक्षित असेल तर स्थानिक वारसा कार्यालयाची परवानगी लागते आणि तिथे मालकाची बाजू खरोखर भक्कम होते. तुमची इमारत सत्तरच्या दशकातली आहे असं लिहिलंत, म्हणजे हा प्रश्न बहुधा येणार नाही. मात्र 'कसं लावायचं' यात मालकाला बोलायचा अधिकार आहे. काळ्या चौकटीचीच पॅनेल हवीत, कठड्याच्या वर डोकवायला नकोत, केबल बाहेरून लोंबायला नको, अशा अटी घातल्या तर वाद न घालता मान्य करा. त्या बहुतेक अटी चांगल्या कामाच्याच असतात.

आगीचा धोका: 'धोका आहे' एवढं म्हणून पुरत नाही, कशामुळे आहे ते सांगावं लागतं. हा मुद्दा हवेत सोडू नका. वायरिंगची खरी स्थिती तपासून घ्या, त्याबद्दल पुढे लिहिते.

'लावून टाका' म्हणणारे मित्र बहुधा श्टुटगार्टच्या कनिष्ठ न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाचा दाखला देतील. तिथे भाडेकरूने संमतीशिवाय लावलेलं पॅनेल काढून टाकायची मालकाची मागणी न्यायालयाने फेटाळली. पण का फेटाळली? पॅनेल नीट, जाणकार पद्धतीने बसवलेलं होतं, नजरेला खटकत नव्हतं, सहज काढता येण्यासारखं होतं, घराला इजा झालेली नव्हती आणि आगीचा किंवा दुसरा कुठला धोका वाढलेला नव्हता. यातल्या प्रत्येक गोष्टीवर पुराव्यानिशी भांडावं लागलं. आणि तेव्हा भाडेकरूकडे आजच्यासारखा परवानगीचा स्पष्ट हक्क नव्हता. आज तो हातात असताना न विचारता लावणं म्हणजे स्वतःची भक्कम बाजू आपणच कच्ची करणं.

एक गाठ मात्र खरी आहे. तुमचे मालक अख्ख्या इमारतीचे मालक आहेत की एकाच फ्लॅटचे? एकाच फ्लॅटचे असतील, तर बाल्कनीच्या कठड्याची बाहेरची बाजू त्यांच्या एकट्याची नाही. ती सगळ्या फ्लॅटमालकांची सामाईक मालमत्ता आहे. मग त्यांना स्वतः फ्लॅटमालकांच्या सभेत विषय मांडावा लागतो. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभेसारखंच समजा, फक्त ती बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच भरते. फ्लॅटमालकीच्या कायद्याच्या, म्हणजे 'वे-ए-गे'च्या, कलम २० मध्येही त्याच १७ ऑक्टोबरला सोलर घातलं गेलं. त्यामुळे सभेला 'लावायचं की नाही' यावर फारसं बोलायला जागा उरली नाही, 'कसं लावायचं' ते ती बहुमताने ठरवते. त्याच कायद्याने फ्लॅटमालकांना तीन चतुर्थांश मतांनी ठराव करून पूर्णपणे ऑनलाइन सभा घ्यायची मुभा दिली आहे. तुमच्या इमारतीत असा ठराव झालाय का ते विचारून घ्या, काही महिने वाचू शकतात. मालकांचा नकार कित्येकदा या सभेच्या कटकटीतून आलेला असतो. तुम्ही सभेपुढे ठेवता येईल असं तयार टिपण दिलंत तर निम्मे मालक मऊ होतात, हे मी स्वतः पाहिलंय.

तेव्हा पत्र लिहा. मोबाइलवरचा संदेश नको, व्यवस्थित पत्र, जर्मनमध्ये. कलम ५५४ चा उल्लेख पहिल्याच वाक्यात करा, पण सूर सौम्य ठेवा. पुढे कोणते पॅनेल, किती, वजन किती, कोणते हुक, कठड्याचा फोटो आणि त्यावर रेखाटन, इन्व्हर्टरचं अनुरूपता प्रमाणपत्र (तो मानकांत बसतो याचा कागद), आणि तुमच्या खासगी दायित्व विम्यात (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) बाल्कनी सोलर धरलेलं आहे असं विमा कंपनीचं दोन ओळींचं पत्र. हे विम्याचं पत्र विसरू नका. मालकाच्या मनातली खरी भीती 'कुणाच्या डोक्यात पडलं तर मी जबाबदार' हीच असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. घर सोडताना स्वखर्चाने सगळं काढून कठडा पूर्ववत करून देऊ, असंही लिहा. काढण्याच्या खर्चापुरती वेगळी अनामत देऊ करता येते, कलमातच तशी सोय आहे. उत्तरासाठी चार आठवड्यांची मुदत द्या आणि नकार असल्यास कारणं लेखी मागा.

तरी उत्तर आलं नाही तर भाडेकरू संघटनेचे, 'मीटरफेराइन'चे, सभासद व्हा. वर्गणी परवडणारी असते आणि त्यांचे वकील हेच काम करतात. त्यांच्या कागदावरून एक पत्र गेलं की बहुतेक प्रकरणं मिटतात. न मिटल्यास परवानगीसाठी दावा लावता येतो. पण ८०० वॅटसाठी कोर्टात जायचं का, हा निर्णय घरमालकाशी पुढची किती वर्षं संबंध ठेवायचेत ते बघून घ्या. मी सल्ला देताना इथे थांबते.

आता आगीचा आणि वायरचा मुद्दा. यात माझा कायद्याइतकाच, किंबहुना जास्त, जीव आहे.

आपल्या सॉकेटच्या मागच्या वायरला एमसीबी सांभाळतो. वायर दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, एमसीबी १६ अँपिअरचा. वितरण पेटीतून १६ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढला की तो पडतो. पण प्लगने जोडलेलं सोलर त्याच वायरमध्ये दुसऱ्या टोकाकडून वीज घालतं. ८०० वॅट म्हणजे सुमारे साडेतीन अँपिअर. पेटीकडून १६ आणि बाल्कनीकडून साडेतीन असे मिळून साडेएकोणीस अँपिअर वायरच्या एखाद्या तुकड्यातून वाहू शकतात आणि एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. चांगल्या स्थितीतल्या वायरला एवढा जास्तीचा भार पेलतो, म्हणून ८०० ची मुभा आहे. (८०० हा आकडा मुळात २०१६ च्या युरोपीय जाळे-नियमावलीतला: ०.८ किलोवॅटखालच्या यंत्रणा तिच्या कक्षेत येतच नाहीत.) पण त्याच वायरवर एक नव्हे, दोन संच लावले, किंवा वायर जुनी अॅल्युमिनियमची असली, किंवा सांधे सैल असले, तर गणित बदलतं. सत्तरच्या दशकातल्या इमारतीत बाल्कनीच्या सॉकेटची वायर एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवाच. गरज पडली तर तो १६ च्या जागी १३ किंवा १० अँपिअरचा एमसीबी घालतो, खर्च थोडा येतो. त्याचा लेखी अहवाल मालकांना जोडून द्या. आगीच्या मुद्द्याला याहून चांगलं उत्तर नाही.

एक्स्टेन्शन बोर्डवर संच कधीही लावू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. त्याच बोर्डवर किटली आणि हीटर लागले की वर सांगितलेला जास्तीचा प्रवाह बोर्डाच्या आतल्या बारीक जोडण्यांमधून जाऊ शकतो आणि तिथे सांभाळायला एमसीबीसुद्धा नसतो.

प्लग उपसला तर उघड्या पिनांना वीज असेल का, अशी भीती सगळ्यांना वाटते. जाळ्याची वीज दिसेनाशी झाली की इन्व्हर्टर क्षणार्धात बंद होतो, म्हणून प्रमाणित इन्व्हर्टर घेणं महत्त्वाचं. नेहमीचा 'शुको' प्लग चालतो की खास 'वीलांड' सॉकेट लागतं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता. डिसेंबर २०२५ मध्ये या संचांसाठी स्वतंत्र उत्पादन-मानक आलं आणि शुकोला अटींसह मान्यता मिळाली. पण शुकोने जोडायचं असेल तर पॅनेल एकूण ९६० वॅटपर्यंतच. म्हणजे ४५० वॅटची दोन चालतात, ५०० ची दोन चालत नाहीत. २००० वॅटपर्यंत जायचं तर खास प्लग किंवा कायमची जोडणी लागते. दुकानदार २००० हा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, ९६० कुणी सांगत नाही. तुमच्या बाल्कनीत दोनच पॅनेल मावतील, तेव्हा ४३० ते ४५० ची दोन घ्या आणि या वादातून मोकळे व्हा.

विजेपेक्षा मला तुमच्या बाबतीत वाऱ्याची काळजी जास्त वाटते. एक पॅनेल सुमारे २१ किलोचं, पावणेदोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद. वाऱ्याच्या दृष्टीने ते शीडच आहे. काही वर्षांपूर्वी एका इमारतीत मला तातडीने बोलावलं होतं. संचासोबत आलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पॅनेल बांधलं होतं, दोन उन्हाळ्यांत पट्ट्या कडक होऊन तुटल्या आणि वादळाच्या रात्री पॅनेल एका हुकावर लोंबत राहिलं. बरोबर खाली मुलांच्या सायकली ठेवायची जागा. सकाळी सातला आम्ही ते वर ओढून घेतलं. तेव्हापासून स्टेनलेस स्टीलचे हुक, खालून दुसरा आधार आणि वर्षातून दोनदा हाताने तपासणी, याशिवाय मी कुणाला होकार देत नाही. जमिनीपासून ४ मीटरच्या वर काच टांगायची असेल तर बांधकामाच्या नियमांत काचेबद्दल जादा अटी येऊ शकतात आणि तिसरा मजला त्याच्या कितीतरी वर आहे. अशा ठिकाणी काचेऐवजी प्लास्टिकच्या आवरणाची हलकी पॅनेल मिळतात. थोडी महाग पडतात, पण पाच-सहा किलोची असतात आणि मालकांना पटवायलाही सोपी जातात.

परवानगी आल्यावरचं काम किरकोळ आहे. संच सुरू केल्यापासून एका महिन्याच्या आत केंद्रीय वीज नियामकाच्या 'मार्क्टश्टामडाटेनरेगिस्टर' या नोंदवहीत ऑनलाइन नोंद करायची. एप्रिल २०२४ पासून फॉर्म अगदी छोटा झालाय. पैसे लागत नाहीत. कुठे पैसे मागितले तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात. घरात चकती फिरणारा जुना मीटर असेल तर तो काही काळ उलटा फिरेल. तो बदलेपर्यंत कायद्याने ते चालवून घेतलंय, वाट बघत बसू नका.

पैशाचा हिशोब तुमच्या अपेक्षेपेक्षा थोडा कमी येईल. कठड्यावर उभी लावलेली पॅनेल तिरक्या लावलेल्यांपेक्षा बरीच कमी वीज देतात. तुमच्या भागात ८०० वॅटच्या दक्षिणमुखी संचातून वर्षाला ५०० युनिटच्या आसपास धरा. दिवसा घरात कुणी नसेल तर फ्रिज, राउटर असा शंभर-दीडशे वॅटचा भार चालू असतो, बाकीची वीज जाळ्यात फुकट जाते, तिचे पैसे मिळत नाहीत. ३०० युनिट वापरात आली आणि युनिटला ३५ सेंट धरले तर वर्षाला १०५ युरो. संचावर २०२३ पासून मूल्यवर्धित कर शून्य आहे. चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात. वॉशिंग मशीन दुपारी बाराला लागेल असं टायमर लावलंत तर आणखी लवकर.

आता नाशिक. तिथे हा संच नेऊ नका, आणि याची कारणं फक्त कायद्याची नाहीत.

महाराष्ट्रात ग्रीडला जोडायची सौर यंत्रणा, कितीही लहान असली तरी, वीज कंपनीला न कळवता लावता येत नाही. 'प्लग लावा आणि नोंद करा' असा जर्मनीसारखा सोपा वर्ग तिथे नाही. त्याहून व्यवहारातली अडचण मीटरची. आपल्याकडचे साधे इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी पकडण्यासाठी असे बनवलेले असतात की वीज उलटी वाहिली तरी ते ती वापर म्हणूनच मोजतात. बाबा दुपारी झोपलेत, पंखा एवढाच चालू आहे, आणि उरलेली ५०० वॅट बाहेर जातेय, तर ती त्यांच्या बिलात वाढेल. पॅनेल लावून बिल वाढलं असं होईल आणि कारण कुणाला कळणार नाही.

शिवाय दिवे गेले की हा इन्व्हर्टर बंद पडतो, कारण तसं बंद पडणं हीच त्याची सुरक्षा आहे. आईंना वाटेल की लोडशेडिंगमध्ये तरी उपयोग होईल, तर तो होणार नाही. आणि घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असेल तर सोलरचा इन्व्हर्टर त्यालाच ग्रीड समजून त्यात वीज घालू लागू शकतो. त्यात बॅटरीचा इन्व्हर्टर जळू शकतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुमच्या आईवडिलांसाठी खरा मार्ग सोसायटीच्या गच्चीवरून जातो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एका घराला ३ किलोवॅट किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी छतावर हक्क हवा आणि फ्लॅटधारकाकडे तो एकट्याचा नसतो. त्याच योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. बाबांना सांगा की पुढच्या वार्षिक सभेत हा विषय घ्या आणि सभेच्या आधी गेल्या बारा महिन्यांची सामाईक मीटरची बिलं चिटणीसांकडून मागून घ्या. ती बिलं मला पाठवलीत तर गच्चीवर किती किलोवॅट लावणं योग्य ते मी काढून देईन.

आणि फ्रँकफुर्टच्या पत्रासाठी: आजच कठड्याचे चार फोटो काढून ठेवा, बाहेरून एक, आतून एक, आणि कठडा भिंतीला जिथे जोडलाय त्या दोन्ही सांध्यांचे जवळून. तिथे गंज दिसला तर आधी तो मालकांना कळवा, सोलरचं पत्र त्यानंतर.